फटीची हमी

विनिपेगात एप्रिल म्हणजे तळघरांचा महिना.
बर्फ वर वितळतो, फोन आमचे वाजतात.
थीसनबाईंचा आला सकाळी सहाला:
"घाई नाही. फक्त वॉशिंग मशीन पाण्यात उभं आहे."

मी आणि जुनेल. जुनेल नवा,
जिन्यातच म्हणाला, वास येतोय.
येणारच. ओल्या काँक्रीटचा वास
म्हणजे घराच्या तोंडाचा वास, उपाशी उठल्यावरचा.

फट उत्तरेच्या भिंतीत. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली
(फट कोपऱ्यातूनच निघते),
वर नखाएवढी, खाली केसाएवढी,
आणि तळाशी पाणी, न बोलता, चालू.

तिच्या कडेनं पेन्सिलीच्या आखूड आडव्या रेघा.
प्रत्येकीशी साल. एकाहत्तर. चौऱ्याहत्तर. एक्क्याऐंशी.
फट त्या वर्षी जिथवर पोचली तिथं एक रेघ,
मुलांची उंची मोजतात तशी,
फक्त खाली उतरत जाणारी.
"कॉर्नेलियसची," बाई म्हणाल्या.
"बुजवायची घाई नसायची त्याला. माहीत असायला हवी, एवढंच."
तरी एके ठिकाणी त्यानं सिमेंट भरलं होतं,
एके ठिकाणी डांबर,
आणि एके ठिकाणी, शपथेवर सांगतो, मेणबत्ती.

मी ग्राइंडर काढला.
भिंत घासल्याशिवाय लुकण धरत नाही.
चार बोटं या बाजूला, चार त्या.
म्हणजे सगळी सालं.
बाई तिसऱ्या पायरीवर बसलेल्या, रबरी बुटांत.
त्या काहीच म्हणाल्या नाहीत, म्हणून मी थांबलो.
मग ज्याला टेप अजून सरळ धरता येत नाही
तो जुनेल म्हणाला, दोनच बोटं घासू की.
नियमात बसत नाही.
दोन बोटं घासली.
एक्क्याऐंशी अर्धं गेलं, बाकीची राहिली.

नळकांड्या चिकटवल्या वीत-वीत अंतरानं.
सुरुवात खालून. नेहमी खालून.
वरच्या तोंडातून रेझिन डोकावेपर्यंत पंप दाबायचा,
मग खालच्याला बूच, आणि एक घर वर.
हे रेझिन पाण्याशी भांडत नाही.
पाणी भेटलं की पिऊन फुगतं,
आणि पाण्याच्या जागेवर स्वतः बसून राहतं.

पुढे नुसतं थांबायचं असतं.
कॉफी आली, आलुबुखारांचा केक आला.
मी विचारलं, उन्हाळ्यात भिंतीच्या बाहेर पाणी कोण घालायचं?
"तोच. रोज संध्याकाळी पाइप धरून उभा.
शेजारी हसायचे, की हा घर उगवतोय."
कधीपासून बंद?
बाईंनी कप खाली ठेवला.
"तीन उन्हाळे."

इथली माती चिकण. ओल मिळाली की फुगते,
उन्हात आक्रसते, भिंतीवरचा हात काढून घेते.
आधार सुटला की घर जरासं खचतं,
पाणी नंतर येतं, आयत्या वाटेनं.
तडा पाण्यानं गेला नाही, बाई. तहानेनं गेला.
हे मी बोललो नाही.
म्हणालो, पाइप सोडत जा, बारीक धार, भिंतीपासून हातभर लांब.

पावतीवर छापलेलं असतं: हमी या फटीची, आजन्म.
भिंतीची नाही. मातीची तर नाहीच.
"आजन्म म्हणजे कुणाचा जन्म?"
इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मी पावती उलटीपालटी करून पाहिली.
बाईंनी भाव पटल्यासारखी मान हलवली
आणि सही केली.

ऑगस्टात त्याच रस्त्याला दुसरं काम निघालं.
गाडी हळू केली.
पाइप उत्तरेच्या भिंतीलगत गवतात पडलेला,
कुणी न धरता.
धार इतकी बारीक की दिसत नव्हती,
माती तेवढी काळी झाली होती, हातभर रुंद.
जुनेल म्हणाला, थांबायचं?
थांबून काय करणार.
गळत तर काही नव्हतं.